शेजारच्या गच्चीवरचं ऊन

निवृत्त बाईला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. तब्येत काय म्हणते आणि वेळ कसा जातो. दुसऱ्या प्रश्नाला मी 'सोलरचं काम करते' असं उत्तर दिलं की समोरचा माणूस आपल्या गच्चीवरच्या पाणी तापवायच्या टाकीबद्दल बोलायला लागतो. ती टाकी वेगळी आणि वीज तयार करणारं पॅनल वेगळं, हे मी आजवर लग्नांत, बारशांत आणि एकदा दहाव्याच्या पंगतीतसुद्धा समजावून सांगितलेलं आहे.

नोकरीची सगळी वर्षं मी वीज कंपनीत काढली. त्यातली बरीचशी मीटर आणि बिलांच्या खात्यात. आमच्या खात्यात खूश होऊन कुणी येत नाही. ज्याचं बिल बरोबर आलंय तो घरी बसतो आणि ज्याचं चुकलंय तो आमच्या टेबलावर हात आपटतो. त्यामुळे रागावलेल्या माणसाशी शांतपणे बोलायची मला सवय झाली. निवृत्तीनंतर नवी मुंबईतल्या सोसायट्या सल्ल्यासाठी बोलवायला लागल्या तेव्हा माझ्या पदवीपेक्षा ती सवयच जास्त कामाला आली.

सुरुवातीला मला वाटायचं, पॅनल कुठलं घ्यायचं, किती बसतील, कुणाचं कोटेशन खरं, एवढंच सांगायचंय. ते सोपं असतं. अवघड असतं ते पुढचं. एका गच्चीवर शंभर घरांचा हक्क, पैसे घालायला तयार वीस, आणि यंत्र चालवायचं पंचवीस वर्षं. एवढी वर्षं तर आपल्याकडे सोसायटीच्या कमिटीतली माणसं एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत.

वाशीकडच्या एका सोसायटीत मला हे पहिल्यांदा नीट कळलं. तिथे एका कंपनीने फुकटात पॅनलं बसवून दिली होती. पॅनलं कंपनीची, सोसायटीने फक्त वीज विकत घ्यायची, दर वर्षाला थोडा वाढणार. ऐकायला छान. काही वर्षांत ती कंपनीच बंद पडली. इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करून देणाऱ्या डब्यावर, लाल दिवा लागलेला. फोन उचलायला कुणी नाही. पॅनलं सोसायटीची नसल्यामुळे दुरुस्त करता येत नाहीत, विकता येत नाहीत, काढून टाकताही येत नाहीत. मी पाहायला गेले तेव्हा त्यांच्यावर गोधड्या वाळत होत्या. एक आजी मला म्हणाल्या, "कशाला हलवताय, छान तापतात." ती पॅनलं अजून तशीच आहेत. तिथून येताना मी एवढं ठरवलं की ज्याच्या डोक्यावर पॅनल, तो त्याचा मालक असला पाहिजे. निदान वाटेकरी तरी.

हे ठरवणं सोपं होतं. ते निभावायची वेळ हिराताईंनी आणली.

मी घणसोलीत राहते. आमच्या बाजूला सेक्टर, टॉवर, पार्किंगचे खांब. रस्ता ओलांडला की घणसोली गाव. घरांना घरं चिकटलेली, वर मजले चढवलेले, एकेका घरात चार-चार खोल्या भाड्याने. हिराताई पाटील तिथल्याच. चार बायकांना बरोबर घेऊन त्या मसाला कांडायचं मशीन चालवतात. मिरची, धने, हळद. मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या गल्लीतून शिंकल्याशिवाय कुणी पलीकडे जात नाही. एका दुपारी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"मीटरवाल्या मॅडम तुमीच ना? चला जरा. आमच्या घरावर सोलर लावलाय आनि बिल तेवढंच येतंय. बसवनारा बोलतो, मशीन ठीक हाय. मंग वीज गेली कुठं?"

मी त्यांच्या पत्र्याशेजारच्या लहानशा गच्चीवर चढले आणि काही न मोजताच उत्तर मिळालं. जेवणं आटोपायची वेळ झाली होती आणि गच्ची सावलीत होती. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे आठ मजली 'निलांबरी' उभी होती आणि तिची सावली हिराताईंच्या पॅनलांवरून सरकत पुढच्या गल्लीत चालली होती. मी त्यांना समजावलं, की पॅनलं एकापुढे एक जोडलेली असतात. बागेत पाणी घालायची नळी एका जागी पायाखाली दाबली गेली की टोकाला पाणी येत नाही, तसं एका पॅनलवर सावली आली की सगळी रांग मंदावते. सकाळचं थोडं ऊन मिळतं तेवढंच.

हिराताईंनी टॉवरकडे पाहिलं. "म्हंजे आमचं ऊन यांनी घेतलं."

"घेतलं असं नाही..."

"घेतलंच की. ही बिल्डिंग नव्हती तेवा हितं मी सुकट वाळवायची. सांजपर्यंत कडक ऊन." मग जरा थांबून म्हणाल्या, "बरं, मंग जिथं ऊन हाय तिथं लावा आमचं पॅनल. वीज काय टोपलीत घालून आनायची हाय? तारेतनंच येनार ना?"

त्या हे वैतागून बोलल्या होत्या. पण असा नियम खरोखर आला होता. एका जागी पॅनलं बसवायची, तयार झालेली वीज कंपनीच्या तारांत सोडायची, मीटरने ती मोजायची आणि ठरलेल्या वाट्याप्रमाणे प्रत्येक सभासदाच्या बिलातून तेवढी युनिटं वजा करायची. सभासद गच्चीखाली राहत नसला तरी चालतं. नियम मला माहीत होता. पण करून पाहिलेला माणूस मला तोवर भेटला नव्हता.

योगायोग असा, की निलांबरीचे चेअरमन सावंत यांनीही मला त्याच सुमारास सल्ल्यासाठी बोलावलं होतं. सावंत मूळचे मालवणकडचे, न्हावा शेवा बंदरात कस्टम क्लिअरिंगचं काम करणारे. कमी बोलतात आणि बोलताना हातातल्या किल्ल्या फिरवतात. त्यांच्या सोसायटीची अडचण वेगळी होती. तीन बिल्डिंगांच्या तीन मोठ्या गच्च्या, भरपूर ऊन; पण लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांना लागणारी वीज एका गच्चीवरच भागली असती. उरलेल्या गच्च्यांवर स्वतःच्या घरासाठी पैसे घालायला सभासद पुढे येत नव्हते. कुणाचा फ्लॅट भाड्याने, कुणी परदेशात, कुणाच्या मुलीचं लग्न.

मी चाचरतच म्हणाले, "उरलेली जागा गावातल्यांना वाटून दिली तर?" आणि नियम सांगितला.

सावंतांनी किल्ल्या थांबवल्या. "म्हणजे कंटेनरसारखं. एका कंटेनरात पाच जणांचा माल येतो. जहाज एक, पेटी एक, पण प्रत्येकाचा कागद वेगळा. बंदरातून ज्याचा तो माल घेऊन जातो."

इतकी सोपी उपमा मला महिनाभर विचार करून सुचली नसती. मी ती तेव्हापासून सगळीकडे वापरते.

सर्वसाधारण सभा पार्किंगमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक माइक आणि मागे कुणाच्या तरी कारचा अलार्म. मी सांगून संपवलं आणि जगताप उभे राहिले. जगताप साताऱ्याचे, रबाळ्याच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात. सोसायटीच्या प्रत्येक सभेत विरोध करणारे म्हणून प्रसिद्ध. पण त्यांचे प्रश्न पोकळ नसायचे.

"मॅडम, गच्ची आमची. बाहेरच्या माणसाचं पॅनल त्यावर बसलं की उद्या तो म्हणणार, जागा माझी. मग कोर्टात कोण जाणार, तुम्ही?"

"जागा भाड्याने देतोय आपण. करार असेल," सावंत म्हणाले.

"आणि त्या लोकांशी करार? पार्किंगवरून झालेलं भांडण विसरलात का सगळे? भिंतीतलं फाटक उगाच बंद केलंय?"

निलांबरी आणि गाव यांच्या मधल्या भिंतीत एक लहान लोखंडी फाटक होतं. आधी पोरं त्यातून शाळेत जायची, बायका भाजीला जायच्या. एका नवरात्रात कुणीतरी बाइक आत लावल्या, बाचाबाची झाली, हातघाई झाली आणि फाटकाला कुलूप लागलं. ते तसंच गंजत होतं.

हिराताई मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या, सावंतांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. त्या उठल्या. माइक कुणी दिला नाही आणि त्यांना त्याची गरजही नव्हती.

"जगतापभाऊ, तुमच्या घरचा मसाला कोन कांडतो?"

पार्किंगमध्ये हशा झाला. जगतापांच्या सौभाग्यवती खाली बघायला लागल्या.

"आमच्या मशीनवर कांडलेला तुमच्या घरात येतो, तेवा बाहेरचा नाय वाटत. मी गच्ची मागत नाय. भाडं देनार. लिहून घ्या, दोनदा लिहून घ्या."

"भाडं नाही दिलं तर?" जगताप अडून होते.

हा प्रश्न मी मनात टिपून ठेवला, कारण तो योग्य होता. त्या आठवड्यात मी, सावंत आणि हिराताई असे तिघे माझ्या जेवणाच्या टेबलावर बसलो आणि नियम ठरवले. वाटेकऱ्यांची एक वेगळी संस्था. पॅनलं संस्थेच्या मालकीची, गच्ची भाड्याने. भाडं पैशात द्यायचंच नाही. तयार झालेल्या विजेतला एक वाटा दर महिन्याला आधी सोसायटीच्या लिफ्ट-पंपाच्या मीटरला जाणार, उरलेली वाटेकऱ्यांना. म्हणजे बुडवायचा प्रश्नच नाही. दुसरं, पहिल्या महिन्यापासून देखभालीचा निधी. धुणं, बोल्ट तपासणं, विमा, पुढेमागे इन्व्हर्टर बदलणं, सगळं त्यातून. वाशीच्या गोधड्या माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या. तिसऱ्या नियमावर सगळ्यात जास्त वाद झाला. वाटा विकता येईल, पण संस्था पैसे परत देणार नाही. जायचं असेल त्याने घेणारा शोधायचा.

"हे जरा कडक नाय का?" हिराताई म्हणाल्या.

"चार जण एकदम पैसे मागायला आले तर पॅनलं खोलून विकायची का?" सावंत म्हणाले. नियम तसाच राहिला.

पुढच्या सभेत ठराव झाला तो एका बिल्डिंगपुरता आणि काठावर. जगतापांनी विरोधात हात वर केला आणि तो इतिवृत्तात नावानिशी लिहायला लावला.

पॅनलं पंधरवड्यात चढली. मीटर बसायला मात्र इतका वेळ गेला की हिराताई मला रस्त्यात भेटल्या की नुसत्या भुवया उडवायच्या. ज्या ऑफिसात मी टेबलामागे बसायचे तिथे आता टेबलापुढे उभी. माझ्याच हाताखाली शिकलेला इंजिनिअर अवघडून म्हणाला, "मॅडम, प्रॉब्लेम तुमच्यात नाही. पण गच्ची एकाची, बिलं इतक्या जणांची, हे सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या रकान्यात टाकू? रकानाच नाहीये." मी इतकी वर्षं लोकांना जे सांगत आले तेच वाक्य माझ्या वाट्याला आलं होतं. चकरा मारल्या. वरून रकाना तयार होऊन आला आणि वीज तारांत वाहायला लागली.

पहिलं बिल आलं तेव्हा हिराताई ते घेऊन धावत आल्या नाहीत. त्यांनी मसाल्याची पिशवी पाठवली आणि निरोप, की मॅडमना सांगा, मशीन आता सांजचं लवकर बंद नाय करत. बिलाच्या भीतीने त्या आधी उशिराची गिऱ्हाइकं परत पाठवायच्या. ती आता थांबत होती.

पण त्याच दिवसांत मला एक वेगळी बाई भेटली. हिराताईंच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारी संगीता. नवरा रबाळ्यात कामाला, ती दोन घरची धुणी-भांडी करणारी. बोलण्यावरून ओळखलं, आमच्या मराठवाड्याची. जालन्याची निघाली. मी हिराताईंकडे चहा पीत होते, ती दारात उभी राहिली.

"ताई, त्या वाट्यात आमाला बी घेता येतंय का? थोडे पैसे साठलेत."

मी विचारलं, "मीटर तुझ्या नावावर आहे?"

"न्हाई ना. मालकीणबाईंच्या नावावर. आम्ही त्यांच्या मीटरवरून घेतो, युनिटमागं त्या सांगतील तसं देतो."

वाटा फक्त स्वतःच्या नावाचं मीटर असलेल्यालाच मिळतो. ज्यांना विजेचा सगळ्यात जास्त दर पडतो ती भाड्याच्या खोल्यांतली माणसं नियमात कुठेच बसत नव्हती. आणि त्यांना दर लावणारी मालकीण माझ्यासमोर बशीत चहा ओतत होती.

हिराताई बशीतून वर न बघता म्हणाल्या, "सगळ्या गावात तोच रेट हाय."

मी तिला नियम सांगितला. संगीता 'बरं' म्हणून गेली.

मे महिन्यात वारा आला. आभाळ भरलेलं नव्हतं, दुपार होती, आणि खाडीकडून एकदम धुळीचा लोट उठला. दुकानांच्या पाट्या उडाल्या. सावंत बंदरात होते. मला फोन आला तो जगतापांचा. त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता, त्यांच्याकडे माझा होता याचंच आश्चर्य वाटलं.

"मॅडम, पॅनल उडालं. एक खाली गावात पडलंय. बाकीची हलतायत. लगेच या."

मी पोचले तेव्हा निलांबरीच्या फाटकापाशी गोंगाट होता. पॅनल हिराताईंच्या मशीनच्या ओसरीवरच्या पत्र्यावर आदळलं होतं. ओसरीत मिरच्या पसरलेल्या होत्या आणि वारा सुटला म्हणून बायका मिरच्या तशाच टाकून आत धावल्या होत्या. म्हणून वाचल्या. काचांचा खच मिरच्यांवर. हिराताई फाटक दोन्ही हातांनी हलवत ओरडत होत्या, "उघडा! माझ्या बाया मरता मरता वाचल्या. वर कोन हाय?" वॉचमनला किल्ली सापडेना. शेवटी जगतापांनी पाना आणून गंजलेलं कुलूप तोडलं.

मला वाटलं, आता भांडण होणार. हिराताई आत आल्या, मान वर करून गच्चीकडे पाहिलं. कडेची रांग पंख्याच्या पात्यासारखी थरथरत होती.

जगताप म्हणाले, "तुमच्या लोकांचीच पॅनलं आहेत ती, बघा काय झालंय."

"तुमचं आमचं काय लावलंय? त्यावर नाव लिवलंय का?" त्या वळल्या आणि फाटकातून नवऱ्याला हाक मारली. नामदेवभाऊंची खाडीत होडी आहे. "अहो, दोर आना! होडीचे, सगळे!"

वर मी एकच हुकूम दिला, की पॅनलला कुणी हात लावायचा नाही. हे लोकांना पटत नाही. स्विच बंद केला की सगळं बंद, असं वाटतं. पण पॅनलचं तसं नसतं. जोवर ऊन आहे तोवर ते वीज तयार करतच राहतं, सूर्याला बटण नसतं. फुटलेल्या पॅनलची तुटकी वायर गच्चीवर लोळत होती. मी रबरी हातमोजे घालून रांगेचे खटके पाडले, ती वायर बाजूला बांधली आणि मगच बाकीच्यांना पुढे येऊ दिलं. कठड्याजवळ जायचं नाही, पॅनलखालच्या लोखंडी सांगाड्याच्या पायांना दोर बांधायचे आणि आतल्या बाजूच्या टाकीच्या खांबांना ताणायचे. नामदेवभाऊ, गावातले दोघं-तिघं, निलांबरीतली कॉलेजातली मुलं, वॉचमन, जगताप. वाऱ्यात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. जगतापांचा चष्मा धुळीने पांढरा झाला होता, ते गुडघ्यावर बसून दोर ओढत होते. बायकांनी खालून वाळूच्या पिशव्या लिफ्टने वर पाठवल्या. लिफ्टमध्ये बसून पिशव्या पोचवायला संगीता होती. तिचा त्या पॅनलांत वाटा नव्हता, हे मला तेवढ्या गडबडीतही दिसलं.

वारा उतरला तेव्हा रांग जागेवर होती. दोन पॅनलं गेली होती. माणूस एकही नाही.

जगताप सांगाड्यापाशी वाकले आणि तुटलेला बोल्ट उचलून मला दाखवला. "हे बघा. गंज. साध्या लोखंडाचे वापरलेत. करारात स्टेनलेस लिहिलंय ना?" लिहिलं होतं. कडेच्या रांगेला ठेकेदाराने हात राखला होता. खाडीच्या खाऱ्या हवेत साधा बोल्ट टिकत नाही.

चार दिवसांत खरी कसोटी आली. पाच वाटेकऱ्यांनी पैसे परत मागितले. तिघं निलांबरीतले, दोघं गावातले. "आज वाचलो, उद्या कुणाच्या डोक्यात पडलं तर?" त्यांची भीती खोटी नव्हती. मला वाशीची गच्ची दिसायला लागली. पाच गेले तर आणखी दहा जातील, निधी बंद पडेल, पॅनलं धूळ खात राहतील. नियम दाखवून त्यांना थांबवता आलं असतं. पण जबरदस्तीने थांबवलेली माणसं संस्था चालवत नाहीत, हे मला इतक्या वर्षांच्या वसुलीच्या अनुभवाने माहीत होतं.

सभा पार्किंगमध्येच, पण या वेळी फाटक उघडं होतं आणि गावाकडच्या खुर्च्या जास्त होत्या. सावंतांनी सरळ सांगितलं, की फुटलेल्या पॅनलांचा आणि पत्र्याचा खर्च विम्यातून येतोय, बोल्ट ठेकेदार बदलून देतोय, आणि पाच वाटे विकायला आहेत. घेणारं कुणी आहे का?

मग जगताप उठले.

"आमच्या फॅक्टरीत बोल्ट खराब निघाला तर आम्ही बोल्ट बदलतो. मशीन भंगारात देत नाही." त्यांनी घसा खाकरला. "मी विरोध केला होता आणि त्या वेळी जे विचारलं ते आजही विचारेन. पण आता मी वर जाऊन बघितलंय. दोन वाटे मला द्या. अट एक. नवा प्रत्येक बोल्ट मी स्वतः तपासणार, त्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघणार नाही."

टाळ्या वाजल्या त्यात निलांबरीच्याच जास्त होत्या. जगतापांनी एखाद्या गोष्टीला हो म्हटल्याचं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. दोन वाटे गावातल्या एका दूधवाल्याने आणि त्याच्या भावाने घेतले. एक उरला.

हिराताई उठल्या. पदर सारखा केला. "तो मना द्या. पन मशीनच्या मीटरवर नको, मागच्या खोल्यांच्या मीटरवर टाका." मग सगळ्यांसमोर वळून, कुठेतरी भिंतीशी उभ्या असलेल्या संगीताकडे बघत म्हणाल्या, "त्या मीटरवर जेवढी कमी होईल तेवढा खोल्यांचा रेट कमी करीन. मॅडम, लिहून घ्या. इतिवृत्तात घ्या."

संगीताने तोंडावर पदर धरला. हसत होती की काय करत होती, लांबून कळलं नाही.

सगळं असं गोड झालं असं मात्र नाही. गावातल्या बाकीच्या खोलीमालकांनी रेट कमी केला नाही. मी काही घरी गेले, समजावलं, चहा प्यायले, परत आले. "हिराताईंचं वेगळं हाय," एवढंच उत्तर मिळालं. शेकडो भाडेकरू त्याच उन्हाखाली राहतात आणि त्यांच्या बिलात एक युनिट वजा होत नाही. त्यांचं मीटर त्यांच्या नावावर कसं व्हावं यासाठी मी अर्ज करत असते, पूर्वीच्या ऑफिसात जात असते, हल्लीचे साहेब मला ओळखत नाहीत. हे काम माझ्या हातून अपुरं राहिलंय आणि ते टोचतं.

पण निलांबरीच्या दुसऱ्या गच्चीवरही आता पॅनलं आहेत. धुण्याचं काम हिराताईंच्या गटातल्या दोन बायका घेतात, निधीतून मजुरी मिळते. रबाळ्याची धूळ आणि कबुतरांची घाण त्या इतकी लख्ख काढतात की वीज वाढलेली मीटरवर दिसते. रबाळ्यातल्या एका कारखान्याच्या शेडवर असंच काही करता येईल का म्हणून विचारणा आली, तेव्हा बोलणी करायला सावंत आणि हिराताई गेले. सावंतांनी कंटेनर सांगितला म्हणे आणि हिराताईंनी बोल्ट.

मध्यंतरी मी लेकीकडे पुण्याला काही महिने राहून आले. आल्यावर संस्थेच्या बैठकीला गेले. सवयीने चष्मा, कॅल्क्युलेटर, करारांची फाइल, सगळं पिशवीत. निलांबरीच्या ऑफिसात शिरले तर जगताप आणि हिराताई यांच्यात जोरात जुंपली होती. शिल्लक राहिलेल्या निधीचं काय करायचं यावरून. जगतापांना बॅटरी घ्यायची होती, म्हणजे वीज गेल्यावर लिफ्टमध्ये कुणी अडकणार नाही. हिराताईंना तिसरी गच्ची घ्यायची होती, कारण गावातली नवी माणसं थांबून होती.

"म्हातारी माणसं लिफ्टमध्ये अडकतात, त्यांना काय सांगू, पुढल्या वर्षी या?"

"आनि ती दाराशी उभी हायत त्यांना मी काय सांगू? बॅटरी चाटा?"

"बॅटरीची किंमत दरवर्षी उतरतेय हे तुम्हीच मागच्या मीटिंगला बोलला होता!"

"मंग थांबा की उतरेपर्यंत! आधी गच्ची घेऊ!"

सावंत किल्ल्या फिरवत ऐकत होते. संगीताने मला खुर्ची सरकवली आणि चहा दिला. ती आता पॅनल धुणाऱ्या दोघींपैकी एक आहे. मला दोन्ही बाजूंचं पटत होतं आणि माझ्याकडे एक मधला मार्गही होता. तो मी जिभेवर घेऊन बसले, कुणीतरी 'मॅडम, तुम्ही सांगा' म्हणेल म्हणून. दोघं आकडे फेकत होते, जुने ठराव काढत होते, एकमेकांचं वाक्य तोडत होते. पैसे दोघांचे होते, गच्ची दोघांची होती, भांडण दोघांचं होतं.

मी चहा संपवला. फाइल पिशवीतून काढलीच नव्हती. उठून दारापर्यंत गेले, चपला घातल्या, मागे वळून पाहिलं. दोघांपैकी कुणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.